दारं उतरवलेलं घर

त्या घरात आतलं एकही दार नव्हतं. चौकटी होत्या, बिजागऱ्यांची भोकं होती, पण दारं नव्हती. न्हाणीघराला बसच्या खिडकीचा जुना जाड पडदा लावलेला होता, आणि आत कोणी आहे हे बाहेर कळावं म्हणून काका अंघोळ करताना मोठ्यानं गायचे. गळा असा, की शेजारी भिंतीवर थाप मारून विचारायचे, गाडी चढावर बंद पडली का? काका आतूनच सांगायचे, बंद नाही पडली, मागून धक्का द्या.

पाहुणे फार टिकत नसत. मावशीची नणंद एकदा चार दिवस राहायचं म्हणून आली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी पोट धरून निघाली. जाता जाता म्हणाली, वहिनी, माणसाला कुठं तरी एकटं बसता आलं पाहिजे की नाही? मावशी म्हणाली, एकटं बसायची आमच्याकडं एकीला भीती वाटते, तिचं आधी बघू, मग तुमच्या पोटाचं.

ती एकी म्हणजे चिमटी. मावशीच्या धाकट्या बहिणीची मुलगी, वय सात. जन्मली तेव्हा इतकी बारकी होती, की नर्स म्हणाली चिमटीत धरून घरी न्या, आणि तेच नाव चिकटलं. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं.

बहिणीबद्दल मावशीला सभ्य शब्दांत बोलायची फार इच्छा असायची, पण तसे शब्द सापडायचे नाहीत. बहीण पोरीला खोलीत ठेवून बाहेरून कडी लावायची आणि जायची. जाताना सांगायची, आत्ता येते. आधी तासाभरानं यायची, मग संध्याकाळी, मग दुसऱ्या दिवशी. आणि एकदा गेली ती आलीच नाही. मूल रडत नव्हतं, म्हणून शेजाऱ्यांना पत्ता नव्हता. वास यायला लागला तेव्हा त्यांनी दार फोडलं. पोर दाराच्या खालच्या फटीला तोंड लावून पडली होती, हवेला. कडी लावणाऱ्या बाईचा फोन त्या दिवसापासून बंद आहे. कोणी म्हणतं परदेशी गेली, कोणी म्हणतं मेली. मावशीनं दोन्हींवर विश्वास ठेवायचं सोडून दिलं, कारण पोर तिच्याच घरात येऊन पडली होती आणि पोरीला दूध गरम करून द्यायचं होतं.

पहिल्याच आठवड्यात कळलं. घरात कुठलंही दार लागलं की पोर लाकडासारखी ताठ व्हायची आणि जे तोंडाजवळ असेल ते चावायची. उशी, ओढणी, काकांचा अंगठा. काका म्हणाले, कुत्रं असतं तर निदान इंजेक्शन घेतलं असतं. हसले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण अंगठा खरंच फाटला होता.

रविवारी दुपारी मावशी म्हणाली, "अहो, पेचकस आणा. दारं उतरवा."

"कुठली?"

"सगळी."

काका बस कंपनीच्या गॅरेजमध्ये फिटर. त्यांनी आयुष्यात इंजिनं उतरवली होती, दारांचं काय. संध्याकाळपर्यंत खोलीचं, स्वयंपाकघराचं, न्हाणीघराचं, इतकंच काय कपाटाचंही दार खाली आलं. बाहेरचं तेवढं ठेवलं, आणि त्याची किल्ली पोरीच्या हाताला येईल अशा खिळ्यावर अडकवली. पोर कोपऱ्यात बसून बघत होती. शेवटचं दार निघालं तेव्हा ती उठली, चौकटीतून पलीकडं गेली, अलीकडं आली, पुन्हा पलीकडं गेली. असं ती जेवायच्या वेळेपर्यंत करत राहिली, आणि कोणी तिला थांबवलं नाही.

उतरवलेली दारं त्याच गॅरेजात गेली. मावशीचं कामही तिथंच होतं, मागच्या शेडमध्ये. बसच्या सीटा शिवायच्या. लोक बसल्या बसल्या ब्लेडनं रेक्झिन कापतात, आतला फोम उपटतात, च्युइंगम कोंबतात. ते सगळं सोलून काढायचं, नवा फोम बसवायचा, नवं रेक्झिन ताणून मागून पिना मारायच्या, आणि जिथं मशीन पोचत नाही तिथं वाकड्या सुईनं हातशिलाई. न्हाणीघराचं दार दोन पत्र्याच्या पिंपांवर आडवं टाकलं, आणि ते झालं मावशीचं कापायचं टेबल. गॅरेजातले ड्रायव्हर म्हणायचे, आमच्या घरी दारं बंद होतात म्हणून भांडणं होतात, मावशीकडं दारच नाही तर भांडणार कुठं? सगळं गॅरेज तिला मावशीच म्हणायला लागलं होतं, टक्कल पडलेले हेडफिटरसुद्धा.

पोर माणसात आली. खायला लागली, बोलायला लागली, उलट बोलायला लागली. शाळेत मावशीनं वर्गबाईंना सांगून ठेवलं होतं, की दार उघडं असू द्या, एक वीट लावून ठेवा. वर्गबाई चांगल्या होत्या, वीट लावायच्या. पण एक दिवस वाऱ्यानं वीट न जुमानता दार आपटलं. वर्गबाई पोरीला सावरायला गेल्या आणि पोरीनं त्यांच्या मनगटाचा लचका तोडला.

मुख्याध्यापकांनी मावशीला बोलावलं. बोलण्यात राग नव्हता, तेच वाईट होतं. राग असता तर भांडता आलं असतं. ते म्हणाले, मुलीवर इलाज सुरू असल्याचं डॉक्टरचं पत्र आणा, तोवर तिला घरी ठेवा. आता इलाज कसला? मुलांच्या मनाची डॉक्टर. शहरात होती एक. तिची फी ऐकून काका म्हणाले, एवढ्या पैशांत तिनं मलाही बरं करून द्यावं, वर गाडीचं सर्व्हिसिंग.

मग बालकल्याण कार्यालयाची एक पाटी दिसली. नात्यातलं मूल सांभाळणाऱ्यांसाठी मार्गदर्शन मेळावा.

मेळावा म्हणजे एक हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक बाई माइकवर. आज्या होत्या, मोठ्या बहिणी होत्या, एक मामा होता, ज्याच्या कडेवरचं मूल त्याचा चष्मा काढून चाटत होतं. माइकवरच्या बाईंनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि एक शांत तळं डोळ्यांसमोर आणायला सांगितलं. मावशीच्या शेजारी एक म्हातारे आजोबा होते, पूर्वी लिफ्ट चालवायचे. त्यांचा नातू खुर्चीखाली होता. ते पुटपुटले, मी डोळे मिटले तर हा तळ्यात तरी जाईल नाही तर तळं विकून तरी येईल. शेवटी प्रत्येकाला फ्रिजवर चिकटवायचं एक लोहचुंबक मिळालं. त्यावर लिहिलं होतं, तुम्ही एकटे नाही. खाली फोन नंबर नव्हता.

अशी असते ती मदत. ज्यांच्या घरात मूल किंचाळतंय त्यांना तळं द्यायचं. ज्यांना झोप नाही त्यांना चुंबक. आणि वर टाळ्या वाजवायला लावायच्या.

पण तिथंच मावशीला कळलं, की कार्यालयात मुलांच्या मनाची एक डॉक्टर बसते, दर मंगळवारी, फुकट. मावशी तिथल्या साहेबांच्या खोलीत गेली. साहेब समजूतदार माणूस. त्यांनी समजावून सांगितलं, की डॉक्टर आहे, पण ती कार्यालयाच्या ताब्यातल्या मुलांसाठी. तुम्ही पोरीला स्वतःहून घरी आणलीत, म्हणजे तो तुमचा घरगुती मामला. एखाद्या परक्या कुटुंबानं कार्यालयाकडून मूल सांभाळायला घेतलं, तर त्यांना डॉक्टर, शिकवायला माणूस, महिन्यातून दोन दिवस विसावा, सगळं मिळतं. तुम्ही नात्यातले. तुम्ही सांभाळणारच.

म्हणजे रक्ताचं असणं हाच गुन्हा. जे पोरीला ओळखतही नाहीत त्यांच्या दारात मदत चालत जाणार, आणि जिनं पोरीसाठी दारंच उतरवली तिनं चुंबक घेऊन घरी जायचं. मावशी असं काही बोलली नाही. तिनं एवढंच विचारलं, की मग आम्हाला कशी मिळेल?

वाट होती. पोरीला कागदावर कार्यालयाच्या ताब्यात द्यायचं. मग मावशी आणि काकांनीच तिला सांभाळायला मागायचं, परकी माणसं मागतात तसं. घराची पाहणी होणार. घर योग्य ठरलं की पोर त्यांच्याकडंच, आणि डॉक्टरही. पाहणी होईपर्यंत पोर आहे तिथंच राहील. घर योग्य ठरलं नाही तर, साहेब म्हणाले, योग्य घर बघावं लागेल.

बाहेर लिफ्टवाले आजोबा नातवाच्या बुटाची नाडी बांधत होते. मावशीनं त्यांना विचारलं, करू का सही? ते नाडीकडं बघतच म्हणाले, "नको करू, बाई. हा धाकटा. थोरली नात मी त्यांना लिहून दिली. चांगल्या घरी आहे म्हणतात. मला भेटायचं तर आधी वेळ घ्यावी लागते."

मावशीनं सही केली. कारण शाळा बंद होती, कारण पोर दिवसभर शेडमध्ये फोमच्या ढिगावर बसून राहायची, कारण वर्गबाईंच्या मनगटाला टाके पडले होते आणि पुढच्या वेळी कोणाचा तरी डोळा गेला असता. आजोबांचं बोलणं तिनं ऐकलं नाही असं नाही. ऐकलं, आणि तरी केली.

पाहणीचे नियम आले. बहुतेक ठीक होते. स्वच्छ पाणी, वेगळी गादी, औषधं उंचावर. आणि एक, मुलाच्या झोपायच्या खोलीला बंद होणारं दार हवं, न्हाणीघराला आतून लागणारी कडी हवी.

नियम वाईट नव्हता. कुठल्या तरी दुसऱ्या मुलीच्या रडण्यातून तो आला होता, जिच्या घरात कडी नव्हती आणि असायला हवी होती. पण नियमाला एकच मुलगी ठाऊक असते. मावशी पुन्हा साहेबांकडं गेली. म्हणाली, आमच्या पोरीचं दुखणं हेच आहे, साहेब, ज्याच्यासाठी डॉक्टर मागतेय तेच. साहेबांनी मान हलवली, त्यांना खरंच पटलं. म्हणाले, सवलतीचा अर्ज करा, वरून उत्तर यायला वेळ लागतो, आणि तोवर मूल बिगरमंजूर घरात ठेवता येत नाही.

त्या संध्याकाळी नवरा-बायको खूप दिवसांनी भांडले. काकांचं म्हणणं, तो ताबा मोडा, पोर परत मागा. ती परत मागता येत नाही, मावशी म्हणाली, सही माझीच आहे. काका म्हणाले, सही करताना मला विचारलं होतंस का? मावशी म्हणाली, विचारलं असतं तर तुम्ही काय दुसरी डॉक्टर आणणार होतात? मग दोघं गप्प बसले, कारण चौकटीत पोर उभी होती. त्या घरात भांडायलाही आडोसा नव्हता.

दारं गॅरेजातून परत आणली. खोलीचं ठीक होतं. न्हाणीघराच्या दाराची दशा झाली होती. सगळ्या अंगावर कटरचे आडवेतिडवे वार, गोंदाचे काळे डाग, एका कोपऱ्यात कोणा ड्रायव्हरनं कोरलेलं बदामाचं चित्र. काकांनी घासलं, रंग दिला, वार रंगाखालूनही दिसत राहिले. नवी कडी बसवली.

दुपारी पोर शेडमधून घरी आली तेव्हा दारं जागेवर होती, सगळी उघडी, प्रत्येकाच्या खाली एकेक वीट. ती दारापाशी थांबली. मावशीनं तिला जवळ घेऊन सांगितलं, की ही नुसती लावली आहेत, कोणी बंद करणार नाही, एक बाई बघायला येतील आणि जातील. पोर न्हाणीघराच्या दाराकडं गेली. कडीला एक बोट लावलं. काढलं.

"आणि नसती लावली तर?"

इथं मावशीनं खोटं बोलायला हवं होतं. कुठल्याही आईनं मारली असती एखादी थाप, सहज. पण मावशीनं पोर घरात आली त्या दिवशी स्वतःला बजावलं होतं, की हिच्याशी खोटं बोलायचं नाही, एवढंसंही नाही, कारण हिची आई हिला आत्ता येते म्हणून फसवत राहिली. तेव्हापासून इंजेक्शन दुखणार असेल तर दुखेल म्हणून सांगितलं, उशीर होणार असेल तर उशीर होईल म्हणून सांगितलं. पोरीचा सगळा भरवसा त्याच एका गोष्टीवर उभा होता.

"तर तुला दुसऱ्या घरी नेतील," ती म्हणाली.

"तिथं दारं असतात?"

"असतात."

पोरीनं वीट पायानं थोडी नीट सरकवली आणि खेळायला गेली.

पाहणीच्या बाई शनिवारी आल्या. जिने चढून गुडघे धरलेले, चेहरा थकलेला, हसू खरं. त्यांना वाईट ठरवता आलं असतं तर बरं झालं असतं. पाणी प्यायल्या, पंख्याखाली जरा बसल्या, पोरीला म्हणाल्या, तुझ्या केसांचा हा रिबिनीचा गुंता कोणी केला? काकांनी, पोर म्हणाली. काका म्हणाले, इंजिनाच्या पट्ट्यांवर हात बसलाय, पोरीच्या केसांवर बसायला वेळ लागेल.

त्यांनी घर बघितलं. गादी, औषधं, पाण्याची टाकी. खोलीचं दार वीट काढून अर्धं पुढं-मागं करून बघितलं. मावशी एक पाऊल पुढं झाली, पण पोर स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बिस्किट खात होती, शांत. न्हाणीघराशी येऊन बाईंनी दाराच्या वारांवर हात फिरवला आणि विचारलं, हे काय झालंय? काका म्हणाले, आमच्याकडचे उंदीर भूमिती शिकतात. बाई हसल्या. मग काकांनी खरं सांगितलं, की टेबल म्हणून वापरलं होतं. बाईंनी टेबल का, हे विचारलं नाही. वार दिसले, ते का पडले ते दिसलं नाही.

मग त्या पोरीकडं वळल्या. कागद त्यांनी वाचलेला होता, आवाज एकदम हळू केला.

"बाळा, तुला बंद दाराची भीती वाटते असं इथं लिहिलंय. खरं का?"

पोरीनं बिस्किट ताटलीत ठेवलं. मावशीकडं बघितलं नाही, काकांकडंही नाही.

"मला येतं," ती म्हणाली. चालत न्हाणीघरात गेली. पायानं वीट बाजूला सारली, दार लोटलं, आणि आतून कडी सरकली.

मावशी पुढं धावली. बाईंनी तिचा कोपर धरला. थांबा, म्हणाल्या, तिला करू द्या, हा तिचा क्षण आहे. काका भिंतीला टेकले. आतून काही आवाज नव्हता. नळ नाही, पाऊल नाही, हुंदका नाही. बाईंना ती शांतता शांतता वाटली. मावशीला ती ठाऊक होती. दार फोडलं त्या दिवशी शेजाऱ्यांनी सांगितलं होतं, आवाजच नव्हता हो, म्हणून कळलं नाही.

तिनं दारावर हात ठेवला. ठोठावलं नाही. ठोठावलं असतं तर पोरीनं जे आत चालवलं होतं ते मोडलं असतं, आणि मोडलं असतं तर पोर गेली असती. ती नुसती हात ठेवून उभी राहिली.

मग नळ सुटला, बंद झाला, कडी सरकली आणि पोर बाहेर आली. चेहरा ओला. उजवी बाही मनगटापर्यंत ओढलेली आणि मुठीत धरलेली.

"मी तोंड धुतलं."

"भीती वाटली?"

"नाही."

"शहाणी गं माझी," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

त्या खुर्चीवर बसून लिहायला लागल्या. घर योग्य. पुढचं पान उलटलं तेव्हा जरा थांबल्या आणि मावशीला मोकळेपणानं म्हणाल्या, की डॉक्टरांची रांग फार मोठी आहे. टेबलाखालून बाहेर न येणारी मुलं आहेत, महिनोन्‌महिने न बोललेली मुलं आहेत. ही पोर सावरली आहे, मी डोळ्यांनी बघितलं. हिचा नंबर धरून ठेवणं माझ्या मनाला पटणार नाही. शाळेला मी पत्र देते, की आता भीतीचं कारण नाही.

मावशीची नजर बाहीवर होती. मुठीपाशी कापडाला एक ठिपका आला. मग ठिपक्याचा डाग झाला, तांबडा.

ती तोंड उघडणार होती. शब्द जिभेवर होते. बाई, तिचा हात बघा. एवढंच. मग डॉक्टर मिळाली असती. पण घर हे दार लावलेलं घर होतं, आणि त्या घरात पोर स्वतःला चावली होती, आणि हे पढवलं कोणी, असा प्रश्न आला असता, आणि सोमवारी कोणी तरी गाडी घेऊन आलं असतं. डॉक्टर हवी तर पोर द्या. पोर हवी तर गप्प बसा.

पोर तिच्याकडं बघत होती. डोळे मोठे, कोरडे. तिनं हात पाठीमागं नेला.

"चहा घेणार?" मावशी म्हणाली.

बाई म्हणाल्या, नको, अजून दोन घरं आहेत. निघताना दारात वळून म्हणाल्या, की वर्षभर मी अधूनमधून न सांगता येईन, नियमच आहे, तेव्हा घर असंच ठेवा. आणि म्हणाल्या, पोर नशीबवान आहे. त्या मनापासून म्हणाल्या. जिना उतरताना त्यांच्या गुडघ्यांचा कट्‌कट्‌ आवाज वरपर्यंत येत होता.

मावशीनं बाही वर केली. दातांच्या दोन ओळी, खोल, एकावर एक. एकाच जागी पुन्हा पुन्हा चावलं होतं. तिनं हात नळाखाली धरला, पट्टी बांधली. काका पेचकस घेऊन आले आणि खोलीच्या दाराशी गुडघ्यावर बसले.

मावशी म्हणाली, नका काढू. त्या केव्हाही येतील.

काकांनी पेचकस जमिनीवर आपटला. एवढ्या वर्षांत त्यांनी कधी काही आपटलं नव्हतं. "मग काय, हिनं रोज आपला हात खायचा? वर्षभर?"

मावशीनं नुसत्या विटा उचलून दारांखाली परत लावल्या, एकेक.

काका पुढं बरंच बोलले. साहेबांना, बाईंना, तळ्यावाल्या बाईला, मावशीच्या बहिणीला, कोणाला सोडलं नाही. बोलून दमले आणि तिथंच भिंतीला टेकून बसले.

पोर त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "आता मी इथंच राहणार ना?"

"इथंच," मावशी म्हणाली.

"आणि त्या परत येतील?"

"येतील."

"तेव्हा परत करावं लागेल?"

पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा खोटं बोलायची वेळ. काकांनी डोळ्यांनी खुणावलं, नाही म्हण. मावशी म्हणाली, "लागेल कदाचित."

पोरीनं थोडा विचार केला. मग डाव्या हातानं, ज्याला पट्टी नव्हती त्या हातानं, तिनं मावशीचा पदर धरला आणि तिला ओढत न्हाणीघराकडं नेलं. दोघी आत गेल्या. जागा इतकी, की मावशीची पाठ नळाला लागली. पोर म्हणाली, तू पण आत असशील तर जमतं का बघू.

मावशीला कळेना, हे करावं की करू नये. हे औषध आहे की विष आहे, हळूहळू करायचं असतं की मुळीच करायचं नसतं, आज करायचं की पट्टी सुकल्यावर. हे कोणाला तरी ठाऊक होतं. ती मंगळवारी कार्यालयात बसते. मावशीला ठाऊक होतं ते रेक्झिनचं, की ते किती ताणलं तर फाटतं, आणि पोर रेक्झिन नव्हती.

"काका कुठं आहेत?"

"बाहेर बसलेत."

"जाणार नाहीत?"

"नाही जाणार," काका बाहेरून म्हणाले.

पोरीनं वीट सरकवली. दार लोटलं, पण एक बोटभर फट ठेवली आणि थांबली. तिचा श्वास वरवर यायला लागला होता, खांदे कानांशी गेले होते, आणि पट्टीचा हात आपोआप तोंडाकडं निघाला होता.

मावशीनं तो हात मध्येच धरला आणि खाली केला. मग स्वतःचा दंड, उघडा, पोरीच्या तोंडाजवळ नेला.

"हा घे."

पोरीनं मान वर करून तिच्याकडं बघितलं. "तुला दुखेल."

"दुखेल," मावशी म्हणाली. "लाव दार."